गल्लीतली लढाई आणि तिचे नियम

इंदूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयात शिकतात. त्यांना इतिहासाचे वेड आहे आणि गेल्या सुटीपासून बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई रंगवून त्यांच्या लढाया टेबलावर मांडण्याचा छंद त्यांनी घेतला आहे. येथवर मातोश्रींची तक्रार नव्हती. परंतु आता चिरंजीवांनी पानिपत आणि वॉटर्लू बाजूला ठेवून न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत घडलेल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या मांडावयाचे मनात घेतले आहे, आणि त्यासाठी कोणते नियमपुस्तक मागवावे याचा घरात खल चालला आहे. पत्रात प्रश्न दोन आहेत. पहिला मुलाचा : एवढ्या नियमपुस्तकांतून निवडावे कोणते? दुसरा आईचा : गुंडांच्या मारामारीचा खेळ घरात मांडावा, हे बरे दिसते काय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर नीट शोधू लागले की दुसऱ्याचे बरेचसे उत्तर वाटेतच सापडते, असा मला अलीकडेच अनुभव आला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांना हा छंद अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या मराठी घरांतून, मग ती बेळगावात असोत वा बडोद्यात, दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करतात. ते मावळे चार दिवस जागच्या जागी उभे असतात. त्यांतल्या एखाद्याला आपण विचारले, “बाबा रे, तू एका दमात किती पावले चालशील? समोरून गोळी आली तर तुला लागेल की चुकेल? शेजारचा पडला तर तू थांबशील की पळशील?” आणि या प्रश्नांची उत्तरे फूटपट्टी व फासे यांच्या साहाय्याने ठरविण्याचे मान्य केले, की किल्ल्याचा युद्धखेळ झाला. नियमपुस्तक म्हणजे या प्रश्नांच्या उत्तरांचा संग्रह, दुसरे काही नाही.

हा प्रकार पोरखेळ म्हणून जन्मास आला नाही. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली असा एक खेळ तेथील राजाला दाखविला. त्यांच्या तोफखान्यातील मुलाने त्यात सुधारणा करून १८२४ साली नियम छापले, आणि सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलले. त्यात दोन्ही बाजूंचे हुकूम एका पंचाकडे जात आणि तो फासे व कोष्टके पाहून निकाल सांगे. पुढे १८७६ साली व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने असे मत मांडले की कोष्टकांचे ओझे कमी करून अनुभवी पंचाच्या विवेकावर विसंबावे. घराच्या जमिनीवर हा खेळ आणला तो कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने लाकडी गोळा उडवावयाचा आणि जो शिपाई आडवा होईल तो मेला, असा त्यांचा सुटसुटीत न्याय होता. वेल्स यांना खऱ्या युद्धाचा तिटकारा होता, आणि हा खेळ चारदा खेळणाऱ्यास खरे युद्ध किती बेंगरूळ असते ते उमजेल, अशी त्यांची धारणा होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हे दैवाचे दुर्विलास!

आता मूळ मुद्दा. पानिपतासारख्या लढाईचे नियम गल्लीतल्या मारामारीला का चालत नाहीत? सैन्यात शिपाई स्वतःच्या मनाचा नसतो. त्याची पलटण असते, निशाण असते, मागे सुभेदार उभा असतो आणि पळाल्यास शिक्षा असते. म्हणून मोठ्या लढाईच्या नियमांत वीस-तीस बाहुल्या एका गठ्ठ्याने हलतात. गल्लीत प्रत्येक माणूस सुटा असतो. सोटा त्याच्या स्वतःच्या हातात असतो, घर दोन वळणांवर असते, आणि संध्याकाळी त्याला जेवायला त्याच घरी जावयाचे असते. तेव्हा अशा खेळात बाहुल्या थोड्या, बाजूस सहा ते पंधरा, आणि प्रत्येकीचा हिशेब निराळा. इंग्रजीत अशा खेळांना ‘स्कर्मिश’ म्हणतात. आपण ‘चकमकीचा खेळ’ म्हणू. परंतु चकमकीची पुस्तकेही शेकडो आहेत. त्यांतले कोणते हे ठरविण्यापूर्वी खरी मारामारी कशी झाली ते पाहणे भाग आहे.

पत्रातील चिरंजीवांनी निवडलेला प्रसंग ४ जुलै १८५७ चा आहे. त्या वर्षी न्यूयॉर्क शहरात एकाच वेळी दोन पोलीस दले होती. राज्याच्या विधिमंडळाने ‘मेट्रोपॉलिटन’ नावाचे नवे दल स्थापिले, आणि महापौर फर्नांडो वुड यांनी आपले जुने ‘म्युनिसिपल’ दल मोडण्याचे नाकारले. १६ जूनला तर या दोन दलांचे शिपाईच नगरभवनापाशी एकमेकांवर दंडुके घेऊन तुटून पडले. जुलैच्या आरंभी न्यायालयाचा निकाल नव्या दलाच्या बाजूने लागला, जुने दल विसर्जित झाले, आणि नवे अजून नीट उभे राहिले नव्हते. अशा वेळी स्वातंत्र्यदिनाचा उत्सव आला.

शहराच्या सहाव्या वॉर्डात ‘फाइव्ह पॉइंट्स’ नावाची वस्ती होती. रस्ते एकत्र मिळून तेथे पाच कोपरे झाले होते, म्हणून ते नाव. बुजविलेल्या तळ्याच्या ओल्या जमिनीवर उभी राहिलेली ती दाट वस्ती. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंड सोडून आलेली हजारो माणसे तेथे भाड्याच्या खोल्यांतून राहत. जवळच बॉवरी नावाचा रस्ता, आणि तेथील टोळक्यांचे तरुण अमेरिकेत जन्मल्याचा अभिमान बाळगणारे व आयरिश कॅथलिकांना पाण्यात पाहणारे. चार जुलैच्या पहाटे फाइव्ह पॉइंट्सच्या टोळीने बॉवरीवरील प्रतिपक्षाच्या अड्ड्यावर हल्ला केला, आणि दिवस वर येताच बेयर्ड स्ट्रीटवर दगडविटांचा पाऊस सुरू झाला. गाड्या आडव्या घालून रस्ते अडविले गेले. घरांच्या गच्च्यांवरून विटा कोसळत होत्या, आणि त्या टाकणाऱ्यांत बायकाही होत्या. नव्या पोलिसांना त्या वस्तीत कोणी जुमानीना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर नागरी सेनेच्या पलटणी रस्त्यांवर उतरल्या तेव्हा सारे शांत झाले.

आता एक अगदी साधे अंकगणित करू. या दंगलीत भाग घेणाऱ्यांची संख्या आठशे ते हजार असावी असा अंदाज सांगतात. मेलेल्यांचा आकडा आठ असा दिला जातो, आणि जखमी झालेल्यांचा तीसपासून शंभरापर्यंत. म्हणजे दोन दिवस सोटे, विटा आणि पिस्तुले चालूनही शंभरांत सुमारे एक मनुष्य मेला, आणि फार तर दहा जायबंदी झाले. दंगलीच्या संख्या काटेकोर नसतात हे मान्य करूनही प्रमाणात मोठा फरक पडत नाही. आपल्या टेबलावर दोन्ही बाजू मिळून चोवीस बाहुल्या आहेत असे धरले, तर या हिशेबाने चार-पाच डाव खेळावे तेव्हा कोठे एक बाहुली मरावी, आणि एका डावात दोन-तीन जखमी व्हाव्यात.

मग बाकीच्या नव्वदांनी दोन दिवस केले काय? ते ओरडले, धावून गेले, वीट फेकली, मागे पळाले, कोपऱ्यावर दम घेतला, कोणीतरी “भ्याडांनो” म्हणून हाक दिली म्हणून पुन्हा पुढे आले. गल्लीतली लढाई ही मुख्यतः हिमतीची देवघेव आहे. कोण कोणाला मागे रेटतो, कोणाचा धीर आधी सुटतो, आणि पडलेल्या मित्राला ओढून घरात न्यावयास कोण थांबतो, यावर तिचा निकाल लागतो. ज्या नियमपुस्तकात ही देवघेव नाही, ते पुस्तक कितीही सुंदर छापलेले असो, गल्लीच्या कामाचे नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. पत्र आल्यावर मी आणि माझा पुतण्या हाच प्रसंग तीन संध्याकाळी मांडून बसलो. पहिल्या संध्याकाळी आम्ही पिस्तुलबाजांच्या झुंजींसाठी लिहिलेले एक पुस्तक घेतले. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; दोष त्याचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. वीस मिनिटांत बारांपैकी नऊ बाहुल्या आडव्या झाल्या. पुतण्या खूश झाला, आणि मग स्वतःच म्हणाला, “काका, हे वर्तमानपत्रात आले असते तर मेलेल्यांचा आकडा सातशेच्या वर गेला असता.” तेथेच त्या पुस्तकाचा निकाल लागला. १८५७ सालची पिस्तुले एकदा रिकामी झाली की प्रत्येक कप्प्यात दारू, गोळी आणि टोपी बसविण्यास मिनिटे लागत, आणि दंगलीच्या रेट्यात तेवढी उसंत कोणास? वीट मात्र रस्त्यात पडलेलीच असते.

त्या संध्याकाळीनंतर आम्ही चार प्रश्न कागदावर लिहून काढले. कोणतेही नियमपुस्तक विकत घेण्यापूर्वी हे प्रश्न त्याला विचारावेत.

पहिला प्रश्न : हलण्याची पाळी कशी ठरते? बुद्धिबळासारखी आळीपाळी असेल तर दोन्ही टोळ्या कवायतीच्या पलटणीप्रमाणे वागतात. लॅरी ब्रॉम यांच्या १९७९ सालच्या ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ या नियमांत पत्ते वापरले आहेत. लाल पान निघाले तर एका बाजूची तुकडी हलते, काळे निघाले तर दुसऱ्या. पुढे काय होणार याचा भरवसा राहत नाही, आणि गल्लीला हे शोभते. आंद्रेआ स्फिलिगोई यांच्या ‘साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज’ (२००७) मध्ये त्याहून मजेदार युक्ती आहे. प्रत्येक बाहुलीसाठी एक, दोन किंवा तीन फासे टाकावयाचे, किती ते तुम्हीच ठरवावयाचे. जितके फासे लागतील तितक्या कृती करता येतात. पण दोन फासे फसले की तुमची पाळी तेथेच संपते आणि प्रतिपक्ष सरसावतो. हाव धरली तर अंगलट येते, जपून खेळले तर गल्ली हातची जाते. टोळीच्या म्होरक्याची खरी अडचण हीच असते : माणसे आपल्या मागे येतील की नाही, हे त्याला हाक देईपर्यंत कळत नाही.

दुसरा प्रश्न : पडलेला माणूस मेला काय? वर सांगितलेल्या स्फिलिगोईंच्या नियमांत हातघाईत हरलेला बहुधा मागे रेटला जातो किंवा जमिनीवर आपटतो; फार मोठ्या फरकाने हरला तरच बाद होतो. हे ठीक आहे. त्याहूनही चांगले उत्तर ‘नेक्रोमुंडा’ (१९९५) आणि ‘मॉर्डहाइम’ (१९९९) या दोन खेळांत आहे. त्यांत बाद झालेली बाहुली मेलीच असे नाही. डाव संपल्यावर तिच्यासाठी फासे टाकतात, आणि कोष्टक सांगते की ती ठणठणीत बरी झाली, लंगडी झाली, की खरोखरच गेली. बऱ्याच बऱ्या होऊन परततात, आणि पुढच्या डावात आपल्या जुन्या जखमेसह उभ्या राहतात. गंमत अशी की हे दोन्ही खेळ ऐतिहासिक नाहीत. पहिला दूरच्या भविष्यातील एका कल्पित नगरीचा आहे, दुसरा उद्ध्वस्त झालेल्या एका काल्पनिक शहराचा. परंतु टोळी म्हणजे मोजकीच, ओळखीची माणसे, आणि त्यांतले एक गेले तर त्याची जागा सहज भरत नाही, ही गोष्ट या कल्पित नगरांच्या कर्त्यांना कित्येक इतिहासप्रेमी नियमकारांपेक्षा अधिक उमजली होती.

तिसरा प्रश्न : पळण्याला नियम आहे काय? नेक्रोमुंडात टोळीतली चौथाई माणसे पडली की प्रत्येक पाळीला फासे टाकून पाहावे लागते, टोळी टिकून राहते की कच खाते. कच खाल्ली तर डाव संपला. स्फिलिगोईंच्या नियमांत ही परीक्षा निम्मी माणसे गेल्यावर, म्होरक्या पडल्यावर किंवा फार भयंकर घाव पाहिल्यावर द्यावी लागते. गल्लीसाठी निम्मे फार झाले, चौथाईच योग्य. ज्या पुस्तकात शेवटची बाहुली पडेपर्यंत लढावयाचे असते, ते मिटून ठेवावे.

चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : बघ्यांना नियमांत जागा आहे काय? रणांगणावर बघे नसतात. गल्लीत लढणाऱ्यांपेक्षा बघे अधिक असतात, आणि ते नुसते बघतही नाहीत. कोणी दार लावून घेतो, कोणी पळणाऱ्याला आत ओढून घेतो, कोणी वरून वीट टाकतो, कोणी पोलिसांना खोटी दिशा दाखवितो. प्राचीन रोमच्या टोळ्यांवर ‘गँग्ज ऑफ रोम’ नावाचा एक खेळ २०१७ साली निघाला. त्यात रस्त्यावरचा जमाव हा खेळाचा स्वतंत्र घटक आहे, आणि लढणाऱ्यांना त्याच्यातून वाट काढावी लागते. ही कल्पना न्यूयॉर्कलाही जशीच्या तशी लागू पडते. दुर्दैवाने एकोणिसाव्या शतकाच्या गल्ल्यांसाठी म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक नियमांत ही जागा रिकामीच असते.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही या चार प्रश्नांच्या आधारे आमचे मिश्रण तयार केले. मूळ चौकट ‘साँग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज’ची घेतली. ते पुस्तक लहान आहे, घरातल्या कोणासही अर्ध्या तासात शिकविता येते, आणि तीन फूट लांब व तीन फूट रुंद एवढी जागा त्याला पुरते. त्यातील राक्षस आणि जादूगार वगळले. नेक्रोमुंडाकडून चौथाईची कच आणि डावानंतरचे जखमांचे कोष्टक घेतले. त्यावर आमचे चार नियम घातले. पिस्तूल प्रत्येक टोळीत दोघांकडेच, आणि दोनदा झाडले की त्या दिवसापुरते निकामी. विटा कितीही, पण सहा इंचांपलीकडे जाणार नाहीत. पडलेल्या सोबत्याला उचलून आडोशाला नेले तर जितके गुण, तितकेच शत्रूला पाडण्याचे. आणि दहाव्या पाळीनंतर प्रत्येक पाळीस एक फासा टाकावयाचा. सहा पडले की पलटण आली, ज्याच्या हाती तेव्हा रस्ता तो जिंकला. इंदूरच्या चिरंजीवांनी हेच मिश्रण घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. घरे पुठ्ठ्याची करावीत, गाड्या काडेपेट्यांच्या. बाहुल्या महाग वाटल्या तर जाड कागदावर चिकटविलेली चित्रेही चालतात. फासे दोघांनाही सारखेच पडतात.

दुसऱ्या संध्याकाळचा डाव छान झाला. एकही बाहुली मेली नाही, तीन जखमी झाल्या, आणि रस्ता चार वेळा हातोहात फिरला. तरी काहीतरी उणे वाटत होते. गच्चीवरच्या बायका कोणाच्या बाजूने, कधी वीट टाकणार, हे फाशांवर सोडल्याने वेड्यासारखे होत होते. तेव्हा प्रशियाच्या त्या जुन्या पंचाची आठवण झाली. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही माझ्या वहिनींना, म्हणजे पुतण्याच्या आईला, पंच होण्याची विनंती केली. “मला तुमचे नियम ठाऊक नाहीत,” असे त्या म्हणाल्या. आम्ही सांगितले की नियम आम्ही पाहू. तुम्ही फक्त वस्ती व्हा.

त्यांनी मनावर घेतले. आधी विचारले, या घरांतून कोण राहते? आम्ही ते ठरविलेच नव्हते. त्यांनी एकेका पुठ्ठ्याच्या घरावर पेन्सिलीने लिहिले : येथे विधवा शिंपीण, येथे आजारी म्हातारा, येथे तीन लेकरांची आई, येथे पेढीवाला, ज्याला कोणीच नको. मग डाव सुरू झाला. पुतण्याची बॉवरीची टोळी मोठ्या दिमाखाने बेयर्ड स्ट्रीटवर शिरली. शिंपिणीच्या घराखाली येताच वहिनींनी शांतपणे सांगितले, “वरून तीन विटा.” म्होरक्या आडवा, दोघे मागे, टोळीने कच खाल्ली. पुतण्या चिडून म्हणाला, “पण तिचा या भांडणाशी काय संबंध?” वहिनी म्हणाल्या, “तिच्या दारात आलास ना!”

मला वाटते, त्या एका वाक्यात दंगलीचा जो इतिहास होता तो आमच्या दोन संध्याकाळच्या फाशांत नव्हता.

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो : हे बरे दिसते काय? खेळ कोणत्या कथेवर उभारला आहे त्यावर ते अवलंबून आहे. फाइव्ह पॉइंट्सची जी कथा सर्वत्र पसरली ती हर्बर्ट ॲसबरी यांच्या ‘द गँग्ज ऑफ न्यूयॉर्क’ या विसाव्या शतकातील पुस्तकाने आणि त्यावरून स्फुरलेल्या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या २००२ सालच्या चित्रपटाने. चित्रपटाच्या आरंभीची बर्फातली घनघोर लढाई कल्पित आहे, परंतु अनेक खेळाडू टेबलावर तीच मांडतात. १८५७ च्या टोळीला ‘डेड रॅबिट्स’, म्हणजे ‘मेलेले ससे’, असे नाव सांगतात. टायलर ॲनबिंडर या इतिहासकाराने २००१ साली या वस्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अशा नावाची टोळी खरोखर होती की नाही याविषयीच शंका घेतली आहे. वस्तीतल्या लोकांनी तेव्हाच हे नाव नाकारले होते. आपण ‘रोच गार्ड’ आहोत असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या नावाने बाहुल्यांचे संच विकले जातात ते नाव बहुधा वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी त्यांच्या माथी मारलेले. एखाद्या वस्तीला बाहेरच्यांनी ठेवलेले नाव दीडशे वर्षांनंतरही पुसले जात नाही, यावर विचार करण्यासारखे बरेच आहे.

त्या वस्तीची दुसरीही एक साक्ष आहे. १९९१ साली तेथे नव्या न्यायालयाच्या इमारतीसाठी खोदकाम निघाले, तेव्हा जुन्या विहिरी व शौचकूप यांच्या खड्ड्यांतून सुमारे साडेआठ लाख वस्तू सापडल्या. गुंडांच्या अड्ड्यात काय सापडावे अशी आपली कल्पना असते? तेथे चहाची नक्षीदार भांडी निघाली, मुलांची खेळणी निघाली, शिवणकामाचे साहित्य निघाले, आणि दारूबंदीचे आयरिश प्रचारक फादर मॅथ्यू यांचे चित्र असलेला एक पेला निघाला. भाड्याच्या एका खोलीत राहून, दिवसभर शिवण शिवून, संध्याकाळी नक्षीच्या कपात चहा पिणारी माणसे तेथे राहत होती. पुढे या वस्तू जपण्यासाठी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारातील एका इमारतीच्या तळघरात ठेवल्या होत्या, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या नष्ट झाल्या. प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या अवघ्या अठरा वस्तू वाचल्या.

तेव्हा इंदूरच्या भगिनींना माझे सांगणे असे. ज्या खेळात गुंड म्हणजे मारण्यासाठी केलेली बाहुली, घर म्हणजे नुसता आडोसा आणि जिंकणे म्हणजे प्रेते मोजणे, तो खेळ घरात न आलेला बरा. आणि तसा तो खोटाही आहे, हे वरच्या अंकगणिताने दिसलेच. परंतु ज्या खेळात बाहुलीला भीती वाटते, पडलेल्याला उचलण्याचे गुण मिळतात आणि प्रत्येक घरात कोणी तरी राहत असते, तो खेळ मांडण्यात मला काही गैर दिसत नाही. गरिबांच्या गल्लीत घडलेली गोष्ट मोठ्या राजांच्या लढाईइतक्याच काळजीने समजून घ्यावी, असे तो शिकवितो. चिरंजीवांनी पुस्तक मागवावे. मात्र खेळावयास बसताना तिसरी खुर्ची रिकामी ठेवू नये. तीत आपण बसावे. नियम पाठ करण्याची गरज नाही. हातात पेन्सिल घ्यावी, आणि पहिला फासा पडण्यापूर्वी प्रत्येक घरावर तेथे कोण राहते ते लिहून ठेवावे.